दुधातली साखर काढताना

नगर जिल्ह्यात दुधाला तोटा नाही आणि साखरेलाही नाही. १९५० साली लोणीला प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पाठोपाठ तालुक्यातालुक्यात धुराडी उभी राहिली. दुधाचंही तसंच. संगमनेर, राहुरी, पारनेर, कुठल्याही रस्त्याला सकाळी सातला लागा, कॅन लादलेली गाडी पुढे असतेच. अशा जिल्ह्यात दीड-दोन वर्षांच्या पोराच्या पेल्यात दूध आणि साखर जोडीनंच येतात, यात नवल काही नाही. प्रश्न पुढे उभा राहतो. साखर नसली की पोर पेल्याला तोंड लावत नाही आणि साखर घालायची नाही असं डॉक्टर बजावतात. मधल्यामध्ये आई अडकते.

राळेगणसिद्धीची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. वर्षाला जेमतेम चारशे-पाचशे मिलिमीटर पाऊस पडणारं हे पारनेर तालुक्यातलं गाव. १९७५ मध्ये अण्णा हजारे सैन्यातून परत आले तेव्हा तिथे पाण्याची बोंब होती आणि दारूच्या भट्ट्या पेटत होत्या. पुढे नालाबांध झाले, पाझर तलावांची कामं झाली, श्रमदान झालं. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी आली. जनावरं मोकाट सोडायची नाहीत, गोठ्यात बांधून चारा घालायचा, असं ठरलं. पाणी अडलं म्हणून चारा झाला, चारा झाला म्हणून दावणीला संकरित गाई आल्या आणि गावातून डेअरीला दूध जाऊ लागलं. याच गावानं होळीत विडी-तंबाखू जाळली आणि दुकानातून त्यांची विक्रीही बंद केली. घरची सवय गावानं ठरवून बदलली, याचं हे ठळक उदाहरण. साखर अर्थातच कोणी होळीत टाकली नाही, आणि टाकायला सांगावं असंही मला वाटत नाही. मात्र गोठ्यात एवढ्या कष्टानं आलेलं दूध पोराच्या तोंडापर्यंत जाताना त्याचं काय होतं, ते पाहायला हवं.

होतं असं, की दुधाच्या गावात चांगलं दूध डेअरीला जातं. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅटखेरीजचा घन भाग) लागलं तर दर मिळतो. घरी ठेवलेल्या लिटरला कोणी पैसे देत नाही. मग घरात उरतं ते चहापुरतं. घरातलं लहानगं पहिल्यांदा दूध चाखतं ते बहुतेकदा आजोबांच्या बशीतून, चहात बुडवलेल्या बिस्किटाबरोबर. दूध म्हणजे गोड आणि तपकिरी, अशी त्याच्या जिभेची समजूत तिथेच होते. नंतर आई कौतुकानं पांढरं दूध पुढे करते, तेव्हा त्याला ते फसवणूक वाटलं तर त्याचं काय चुकलं? म्हणून पेल्यातली साखर काढायच्या आधी बशीतला चहा थांबवा. चहातली टॅनिनं अन्नातलं लोह अंगी लागू देत नाहीत, हा त्यातला दुसरा तोटा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षं वयाची शंभरातली जवळपास ६९ मुलं रक्तक्षयाची निघाली. अशा राज्यात तान्ह्याला चहा पाजणं म्हणजे गळक्या हंड्यात पाणी भरणं.

आता मुळाशी येऊ. पोराला दूध किती लागतं? आईच्या मनात पेला असतो, आणि तोही मोठा, काठोकाठ. आयसीएमआरच्या शिफारशीप्रमाणे एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. गाईच्या १०० मिलिलिटर दुधात ते साधारण १२० मिलिग्रॅम असतं. म्हणजे दिवसभरात दूध, दही, ताक सगळं मिळून चारशे मिलिलिटरच्या आसपास पोटात गेलं तर कॅल्शियमची चिंता संपली. ते एका दमात जायला हवं असं नाही, आणि सगळं दूध म्हणूनच जायला हवं असंही नाही. नाचणी, तीळ, राजगिरा यांतूनही कॅल्शियम येतं.

उलट दूध जास्त झालं तर काय होतं, ते फारसं कोणी सांगत नाही. दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर दूध पिणाऱ्या मुलाचं पोट दुधानंच भरतं. भाकरी, डाळ, पालेभाजी मागे पडते. दुधात लोह नावालाच असतं. मग गुटगुटीत दिसणारं मूल फिकट पडतं, शौचाला खडा होतो, आणि आई म्हणते, ‘दूध तर भरपूर पितं की!’ माझ्या मते या वयातली निम्मी भांडणं पेल्याचा आकार बदलला तरी मिटतील. स्टीलचं छोटं फुलपात्र घ्या, त्यात साठ-सत्तर मिलिलिटर दूध ओता. संपलं आणि आणखी मागितलं तर पुन्हा द्या. रिकामं झालेलं छोटं भांडं पोराला विजयासारखं वाटतं. अर्धा राहिलेला मोठा पेला मात्र आईला पराभवासारखा दिसतो.

एक वर्षाच्या आत गाईचं दूध मुख्य आहार म्हणून द्यायचंच नाही. तिथे आईचं दूध. ते दोन वर्षं आणि त्यापुढेही चालू ठेवता येतं, आणि अंगावर पिणाऱ्या मुलानं पेला नाकारला तर घाबरण्याचं कारण नसतं. वर्षाच्या आत मधाचं बोटही नको. मधातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे बोटुलिझम हा जिवावरचा आजार होऊ शकतो. चाटणाची परंपरा कितीही जुनी असो.

साखर कशी काढायची? एकदम नाही. पोराची जीभ आपल्या जिभेपेक्षा हट्टी असली तरी विसराळू असते, त्याचा फायदा घ्यायचा. सध्या दोन चमचे घालत असाल तर चार-पाच दिवस दीड घाला. मग एक. मग अर्धा. मग चिमूट. तीन-चार आठवड्यांत चमचा डब्यातच राहतो. चमचा दर वेळी तोच वापरा आणि सपाट भरा, कारण ‘अर्धा’ म्हणत शिगेचा अर्धा घालणारे हात प्रत्येक घरात असतात. मधेच एखाद्या दिवशी पोरानं तोंड फिरवलं तर तिथेच थांबा, दोन दिवस तेच प्रमाण राहू द्या, पण मागे जाऊ नका. ज्या बाळाला अजून साखरेची ओळखच झालेली नाही, त्याच्या बाबतीत हा खटाटोपही नको. दुधात लॅक्टोजचा स्वतःचा मंद गोडवा असतो आणि दूध कोमट असलं की तो जास्त जाणवतो. फ्रिजमधलं गारढोण दूध देऊन ‘पीत नाही’ म्हणण्यात अर्थ नाही.

हे एवढं कशासाठी, असं आजी विचारणारच. हिशेब सांगा. एका चमच्यात चार-पाच ग्रॅम साखर. दिवसातून तीनदा दोन-दोन चमचे म्हणजे पंचवीस ते तीस ग्रॅम, शंभर-सव्वाशे कॅलरी. दोन वर्षांच्या मुलाची दिवसाची गरजच हजारएक कॅलरींची असते. म्हणजे एक दशांशाहून अधिक आहार नुसत्या साखरेचा झाला, आणि त्यात बिस्किटं धरलेली नाहीत. जागतिक आरोग्य संघटना आणि आपली राष्ट्रीय पोषण संस्था, दोघींचंही म्हणणं एकच आहे: दोन वर्षांच्या आत वरून साखर नको. झोपताना बाटलीतून गोड दूध पिणाऱ्या मुलांचे पुढचे वरचे दात आधी पांढुरके आणि मग काळे पडतात, हे तर कुठल्याही दंतवैद्याकडे बसून बघता येईल. बाटली वर्षाच्या आसपास सोडवा, पेल्यावर आणा. साखर सुटायला त्याचीही मदत होते.

‘मग गूळ घालते’ हा पुढचा तोडगा. गूळ म्हणजे साखरच, थोडी कमी शुद्ध केलेली. त्यातलं लोह चमचाभर गुळातून मिळून मिळून किती मिळणार? खडीसाखर, मध, काकवी, सगळे एकाच घरातले. खारकेची पूड किंवा कुस्करलेला खजूर यांत निदान चोथा असतो, म्हणून कधीतरी चालेल. रोज घातलात तर जिभेची गोडाची सवय तशीच राहते आणि मूळ काम बाजूला पडतं. साखरमुक्त म्हणून विकल्या जाणाऱ्या गोडव्याच्या गोळ्या-थेंब या वयात अजिबात नकोत.

आणि ते डबे. टीव्हीवर उंची वाढवणारे, बुद्धी वाढवणारे. लेबल डोळ्यांजवळ धरून वाचा. अनेक पावडरींत शंभर ग्रॅममागे तीस ग्रॅमच्या वर साखर सापडते, शिवाय माल्टोडेक्स्ट्रिन किंवा लिक्विड ग्लुकोज वेगळं. आपल्या २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ अशी व्याख्याच नाही. म्हणून एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयानं ऑनलाइन दुकानांना अशी पेयं त्या नावाखालून काढायला सांगितलं. डबा घरात आधीच असेल तर फेकवत नाही, मला कळतं. तो मोठ्यांनी संपवावा आणि पुन्हा आणू नये.

चवीसाठी काहीच घालायचं नाही का? घाला की. वेलदोड्याची चिमूट, केशराची एखादी काडी उकळताना, बदामाची बारीक पूड. अख्खे बदाम-शेंगदाणे मात्र चार-पाच वर्षांपर्यंत नकोत, श्वासनलिकेत अडकतात. हळद आवडली तर उत्तम. जायफळाबाबत हात आखडता घ्या. पोर गाढ झोपावं म्हणून जायफळ उगाळून द्यायची पद्धत अजून आहे, आणि जास्त झालेलं जायफळ लहानग्याला बाधतं. झोपेसाठी ते नकोच.

आता एक गोष्ट, जी शहरातल्या लेखांत येत नाही. पोर दूध नाकारतं त्याचं कारण कधीकधी गोठ्यात असतं. पारनेरचा पट्टा कांद्याचा. काढणी झाली की कांद्याची पात, चाळीतला खराब कांदा गाईपुढे पडतो. धारेच्या आधी तासा-दोन तासांत गाईनं तो खाल्ला की दुधाला वास येतो. मुरघासाचंही तसंच, लसूणघासाचंही. मोठ्यांना चहात ते जाणवत नाही. आलं आणि साखर सगळं झाकून टाकतात. पोराच्या कोऱ्या दुधात मात्र वास उघडा पडतो. त्याला सांगता येत नाही, ते फक्त मान फिरवतं, आणि आपण साखर वाढवतो. घरच्या गाईचं दूध असेल तर वासाचा चारा धार काढून झाल्यावर टाका. मुरघासाची पाटी धारेच्या जागेपासून लांब ठेवा. दूध काढलं की गोठ्यात उघडं ठेवू नका. चुलीवर तापवत असाल तर झाकण ठेवा, धुराचा वास दूध पटकन धरतं. तापवायचं पातेलं दुधाचंच वेगळं असावं. काल रात्री त्यात आमटी झाली असेल तर दूध ते विसरत नाही.

घरच्याच दुधाबद्दल आणखी दोन शब्द. धारोष्ण दूध पोराला पाजू नका, त्याची थोरवी कितीही ऐकली असली तरी. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस, क्षय आणि पोटाचे आजार होऊ शकतात. उकळी आणा, हलवत दोन-तीन मिनिटं ठेवा, बस. तासभर आटवायची गरज नाही. फार आटवलं की तापल्याचा वास येतो आणि पोरं बिथरतात. गाईला दगडी झाली असेल, किंवा तिला अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलं असेल, तर डॉक्टर सांगतील तितके दिवस ते दूध डेअरीलाही नाही आणि घरालाही नाही. ‘डेअरी घेत नाही तर घरी वापरू’ हा मोह होतो, पण ते पोराच्या वाट्याला जाऊ देऊ नका. एक वर्षापुढे दुधात पाणी घालायचंही कारण नाही. गाईचं जड वाटतं म्हणून पातळ करायचं आणि फिकं लागतं म्हणून साखर घालायची, हे चक्र आपणच सुरू करतो.

साय हा आणखी एक शत्रू. ओठाला साय लागली की काही मुलं अख्खं दूध थुंकतात. गाळून द्या. साय विरजणाला जाते, वाया जात नाही.

आता घरातलं राजकारण. सून साखर कमी करते आणि सासूबाई मागच्या दारानं घालतात. ‘अगं, चिमूटभर घाल की, पोरगं उपाशी झोपेल.’ ‘आत्या, चार दिवस बघू या, नाही प्यायलं तर ताक देऊ.’ असा करार करता आला तर निम्मी लढाई जिंकली. आजीला दोष देऊन काही साधत नाही. तिच्या काळात दूधच नव्हतं. दुष्काळात वाढलेल्या बाईला न प्यायलेलं दूध बघवत नाही. तिला कामाला लावा. विरजण लावायचं, ताक घुसळायचं, पोराला लोण्याचा गोळा द्यायचा, हे तिच्याकडे सोपवा. साखरेच्या चमच्यापेक्षा लोण्याचा गोळा देणारी आजी पोराला जास्त आवडते.

कारण दूध पेल्यातूनच गेलं पाहिजे हा हट्ट सोडला की रस्ते पुष्कळ आहेत. बाजरीची ऊन भाकरी दुधात कुस्करून पाच मिनिटं झाकून ठेवा, मऊ होते, आणि बाजरीचा गोडसर स्वाद दुधात उतरतो. ज्वारीच्या भाकरीचंही तसंच. दहीभात, ताकातल्या कण्या, घरी फाडलेल्या दुधाचं पनीर हातात धरून खायला. नाचणीचं सत्त्व दुधात शिजवून त्यात पिकलं केळं कुस्करलं की वरून काही लागत नाही. गाय व्यायली की चिकाचा खरवस होतो, त्यातला पोराचा वाटा गूळ घालण्यापूर्वी वेगळा काढा आणि वेलदोडा घालून उकडा. माळकरी घरांत मांस-अंडी नसतात. तिथे ब-१२ जीवनसत्त्वाचा मुख्य आधार दूध-दह्याचाच असतो. म्हणून ‘नाही पीत तर राहू दे’ म्हणून दुधाचे सगळेच पदार्थ सोडून देऊ नका. पेला सोडा, दही धरा.

पेला समोर ठेवायचाच असेल तर पद्धत अशी. सगळे जेवायला बसलेत, ताटात भाकरीचा तुकडा, भाजी, आणि बाजूला ते छोटं फुलपात्र. त्याबद्दल एक शब्दही बोलायचा नाही. ‘पी ना रे सोन्या’ नाही, ‘बघ ताई कशी पिते’ नाही. वडिलांनी स्वतःच्या पेल्यातून कोरं दूध घोटभर प्यावं आणि ताटाकडे बघावं. पंधरा-वीस मिनिटांनी उचलायचं, प्यायलं असो वा नसो. अमेरिकी आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी सांगितलेली वाटणी सोपी आहे: काय, कधी आणि कुठे द्यायचं ते मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती, ते मुलानं. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. कधी आणि काय ते पोर ठरवतं आणि किती ते आपण, मोबाइल समोर धरून.

लालूच दाखवू नका. ‘दूध प्यायलास तर चॉकलेट’ म्हटलं की पोराला एवढंच कळतं, दूध ही शिक्षा आहे आणि चॉकलेट ही सुटका. लिअ‍ॅन बर्च या संशोधिकेनं १९८०च्या दशकात हे मुलांवर तपासून पाहिलं होतं. जे पेय प्यायल्याबद्दल बक्षीस मिळालं, तेच मुलांना पुढे कमी आवडू लागलं. नव्या चवीला दहा-पंधरा वेळा सामोरं गेल्याशिवाय बरीच मुलं होकार देत नाहीत. आपण तिसऱ्या वेळेला हात टेकतो.

शिवाय वयच तसं असतं. पहिल्या वर्षात बाळाचं वजन तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षात दोन-अडीच किलोच वाढतं. भूक कमी होणारच. त्याच सुमाराला ‘नाही’ म्हणायला येतं, आणि ते शस्त्र चालवून बघायला दुधाचा पेला सोयीचा सापडतो.

काही मुलांचं नाकारणं मात्र वेगळं असतं. दूध प्यायल्यावर अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं, वारंवार उलटी, शौचातून रक्त, यांतलं काही दिसलं तर दूध बंद करून बालरोगतज्ज्ञ गाठा. श्वास लागला तर वाट न पाहता दवाखाना. जुलाबाच्या आजारानंतर काही दिवस दूध पचत नाही असं होऊ शकतं. तेव्हा दही चालतं का ते बघा. आणि मूल फिकट, मरगळलेलं, माती खाणारं असेल तर साखरेचा विचार नंतर, आधी हिमोग्लोबिन तपासा.

बाकी सगळ्यांसाठी अंगणवाडीतला वजनकाटा पुरेसा आहे. सेविका महिन्याला वजन घेतात आणि कार्डावरच्या आलेखात ठिपका टाकतात. कार्ड मागू नका म्हणून कोणी सांगितलेलं नाही, हातात घेऊन बघा. रेषा हिरव्या पट्ट्यातून वर सरकत असेल, तर रात्री फुलपात्रात उरलेलं दूध विरजणाला लावा आणि झोपा.